जंतूनाना आणि माझा बेडका

माझ्याइतका झटपट धोटा भरणारा विणकर अख्ख्या परळात दुसरा नव्हता. असं मी सांगायचो. आमचा जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, मला 'म्हातारी' म्हणायचा.

धोटा भरणं म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. साच्यावर कापड विणताना आडवा दोरा घेऊन जो इकडून तिकडे धावतो, तो धोटा. त्याच्या पोटात दोऱ्याची कांडी असते. कांडी संपली की नवी घालायची आणि दोऱ्याचं टोक धोट्याच्या अंगातल्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. कसं काढायचं? भोकाला तोंड लावायचं आणि दम आत खेचायचा. सुर्र! दोरा जिभेवर. थू करायचं, साचा चालू. पहिल्या पाळीला मी तोंड लावायचो, दुसऱ्या पाळीला त्याच धोट्याला माझ्याच खोलीतला, माझ्याच गावचा दत्ता.

ही कला मी एकदा चाळीच्या गॅलरीत नानांना रिकामा धोटा घेऊन करून दाखवली. मला वाटलं, वा म्हणतील. नाना पांढरे पडले. धावत खोलीत गेले, उकळलेल्या पाण्याचा तांब्या घेऊन आले आणि माझा जबडा धरून म्हणाले, "चूळ भर आधी. मग बोल."

हे आमचे जंतूनाना. तिसऱ्या माळ्यावर शेवटच्या खोलीत एकटेच राहायचे. परळ नाक्याजवळ एका डॉक्टरांची लॅबोरेटरी होती, तिथे बाटल्या धुवायचे, काचा पुसायचे. घरी आल्यावर उरलेलं सगळं धुवायचे. दार कोपराने उघडायचे. नमस्कार लांबून. वस्तरा उकळायचे, कंगवा उकळायचे, शर्टाची बटणं उकळायचे. एकदा रेशनकार्ड वाफेवर धरलं, तर अक्षरं सगळी वाहून गेली. रेशनच्या दुकानदाराने कोरा कागद बघून विचारलं, "यावर काय लिहिलंय?" नाना म्हणाले, "काही नाही, पण आता एकदम स्वच्छ आहे."

मी शाळेत दुसरीपर्यंत गेलो, तेही थोरल्या भावाला जेवायला हाक मारायला. त्यामुळे जगात जंतू नावाची जात आहे हे मला नानांनीच सांगितलं. "दिसत नाही म्हणजे नाही, असं थोडंच आहे?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि जंतू शोधणाऱ्या लोकांबद्दल बोलायचे ते असे, की जणू सगळे त्यांच्या गावचे, वरच्या वाडीतले.

रविवारी गॅलरीत आमची मैफल बसायची. आमची खोली म्हणजे गावकीची, एका गावचे चौदा जण, निम्मे कामावर, निम्मे झोपलेले. जे जागे असतील ते ऐकायला.

"पहिला कोण माहीत आहे? हॉलंडचा कापडवाला. तुमच्या लाइनीतलाच. कापडात दोरे किती ते बघायला भिंग वापरायचा. बघता बघता नाद लागला. स्वतः भिंगं घासायला लागला. पावसाचं पाणी बघितलं, तर त्यात वळवळ! मग स्वतःच्या दातावरची घाण काढून बघितली."

"शी!" खानावळवाल्या लक्ष्मीमावशी खालच्या माळ्यावरून ओरडल्या. "जेवणाच्या वेळेक ह्या काय सांगतास?"

"त्यातही वळवळ! मग एक म्हातारा धरून आणला, जन्मात दात न घासलेला."

"आमच्या सख्यासारखो," दत्ता माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला.

"त्याने लंडनच्या विद्वानांना पत्रं लिहिली. त्यांचा विश्वास बसेना. शेवटी गावातल्या भल्या माणसांच्या साक्षी काढून पाठवल्या, की होय, आम्हीही बघितलं. एका कापडवाल्याने सगळ्या डॉक्टरांच्या आधी बघितलं, कळलं का? शिक्षण काही नाही. फक्त नजर आणि चिकाटी."

हे ऐकून मी आठ दिवस स्वतःला फार मोठा समजत होतो. मग लक्षात आलं, माझ्याकडे नजर नाही आणि चिकाटीही नाही.

दुसरा फ्रान्सचा. तो दारू का नासते ते शोधायला निघाला. "तेव्हा दारूबंदी नव्हती म्हणून बरं," दत्ता म्हणायचा, "आज तो परळात असतो तर हवालदारान आत टाकलो असतो." त्याने बगळ्याच्या मानेसारखी वाकड्या नळीची बाटली केली, तिच्यात कढण उकळलं. हवा आत जाते, पण धूळ वाकणात अडकते. कढण नासत नाही. म्हणजे किडे आपोआप होत नाहीत, बाहेरून येतात. नानांनी तसलीच बाटली लॅबोरेटरीतल्या दिव्यावर वाकवून आणली आणि मावशीचं कुळथाचं कढण तिच्यात उकळून गॅलरीत टांगली. अख्खा पावसाळा कढण जसंच्या तसं. लांबलांबच्या चाळीतली माणसं बघायला यायची. नाना एखाद्या पुजाऱ्यासारखे बाजूला उभे. मग एक दिवस दत्ताने पैज मारली, बाटली फोडली आणि सगळं कढण घटाघटा पिऊन टाकलं. त्याला साधा ढेकरही आला नाही.

नाना रागावले असतील असं वाटलं. तर ते दत्ताच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "त्या फ्रेंच माणसाकडे तू असतास, तर त्याचे वर्षभराचे कष्ट वाचले असते." आणि मग लगेच हात धुवायला गेले.

दत्ता होताच तसा. हुतुतूत पाच जण अंगावर घेऊन रेघ गाठायचा. आवाज असा, की संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात घोषणा द्यायला पुढे त्यालाच ठेवायचे. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र' त्याने लालबागला म्हटलं की भायखळ्याला 'झालाच पाहिजे' ऐकू यायचं. त्या दिवसांत आमच्या भागात सगळेच खोकत होते. कोण घोषणांनी, कोण अश्रुधुराने. दत्ताही खोकायचा, मीही खोकायचो.

एकदा पोलीस चाळीत झडतीला आले. नानांच्या खोलीत देवांच्या शेजारी दाढीवाल्यांचे फोटो. फौजदाराने काठी लावून विचारलं, "हा कोण? लाल बावट्याचा पुढारी?"

"जर्मन डॉक्टर. क्षयाचा जंतू यानेच पकडला."

"पकडला? कुठल्या चौकीत?"

नाना फौजदाराला अर्धा तास समजावत होते. बटाट्याच्या फोडीवर जंतू कसे वाढवायचे, मग एका डॉक्टरच्या बायकोने स्वयंपाकघरातला चायना ग्रास कसा सुचवला, तो उन्हात वितळत कसा नाही, सगळं. फौजदार झडती अर्धी टाकून पळाला. वरच्या माळ्यावर पत्रकं लपवली होती ती त्यामुळे वाचली. आंदोलनात नानांचा हातभार एवढाच, आणि तो त्यांना कधी कळलाही नाही.

माझ्या खोकल्याला दोन महिने झाले तेव्हा नानांनी मला पकडलं. "घोषणेचा खोकला चार दिवस. हा तो नाही." त्यांनी मला रुंद तोंडाची, उकळलेली, बूच लावलेली बाटली दिली. वर कागदावर माझं नाव. "सकाळी उठल्याबरोबर. थुंकी नको, बेडका पाहिजे. छातीतून काढ."

मी घाबरलो. क्षय निघाला तर गिरणीतून नाव जाणार. खोलीतूनही जाणार. दोन वर्षांपूर्वी आमच्यातल्याच एकाला निघाला होता, तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून त्याची ट्रंक गॅलरीत नेऊन ठेवली होती. एका बाजूची कडी माझ्याच हातात होती.

नाना रोज सकाळी जिन्यात उभे. "आणलास?" मी म्हणायचो, "नाना, आज छातीला बद्धकोष्ठ झालंय." दहा दिवस हे चाललं. अकराव्या दिवशी मला अक्कल सुचली. मला अक्कल सुचते तेव्हा आसपासच्या लोकांनी लांब व्हावं.

दत्ता सत्याग्रहाला निघाला होता. टोपी घालून, कपाळाला टिळा. मी बाटली पुढे केली. "दत्त्या, यात जरा थुंक. नानाची गंमत करू."

"आणि काय मिळतला?"

"माझी सुटका."

तो हसला, हसता हसता त्याला खोकला आला, आणि त्याने बाटलीत असा काही बेडका टाकला की मला वाटलं, वा, याला म्हणतात तब्येत. "घे, तुझ्या नानाक नैवेद्य," म्हणाला आणि गेला. दुपारपर्यंत त्याला अटक झाल्याचं कळलं. महिन्याची सजा. आम्ही खोलीत पेढे वाटले.

तिसऱ्या दिवशी नाना आले. मला खोलीबाहेर बोलावलं. "सख्या, खाली बस." मी बसलो. तेही बसले. जमिनीवर! न पुसता.

"जंतू सापडले," म्हणाले. "निळ्यावर लाल काड्या. डॉक्टरांनी मला दाखवल्या. पुष्कळ आहेत रे."

आता खरं सांगतो. सगळ्यात आधी मला आनंद झाला. हे माझे नाहीत! मग थोड्या वेळाने, चांगल्या चार श्वासांनी, दत्ता आठवला.

सांगायला पाहिजे होतं. तोंड उघडलंही होतं. पण नाना म्हणाले, "खोलीत कुणाला बोलू नकोस. आजपासून माझ्याकडे झोप." आणि माझी वळकटी त्यांनी स्वतः उचलली. मी मनात म्हटलं, दत्ता तुरुंगात आहे, आत्ता सांगून तरी काय होणार? सुटून येईल तेव्हा सांगू. मनाला कसं पटवायचं यात मात्र मी खरंच अख्ख्या परळात पहिला.

मग माझी चंगळ सुरू झाली. नाना गॅलरीत झोपले, मी त्यांच्या खाटेवर. गिरणीत तापाचं सांगून रजा. सकाळी दूध, दोन अंडी. संध्याकाळी पुन्हा दूध. औषधाच्या गोळ्या मी गालात धरून नंतर मोरीत टाकायचो. संध्याकाळी नाना उशाशी बसून जर्मन डॉक्टरची गोष्ट सांगायचे. खेड्यातला डॉक्टर, बायकोने वाढदिवसाला मायक्रोस्कोप आणून दिला, पेशंट बाहेर खोळंबलेले आणि हा आत काचेला डोळा लावून बसलेला. "त्याने जगाला सांगितलं, सख्या, क्षय हा शाप नाही, पाप नाही, आईबापाकडून आलेला नाही. जंतू आहे. दिसतो. दिसतो म्हणजे त्याच्याशी लढता येतं." माझं वजन वाढत होतं. नाना म्हणायचे, "बघ, लागू पडतंय!"

पंधरा दिवस.

या पंधरा दिवसांत नानांच्या डोक्यात दुसरंच चालू होतं. "तुझ्या धोट्याला दत्ताही तोंड लावतो. त्याचाही बेडका तपासला पाहिजे."

"तो बैल आहे, नाना."

"बैलालाही होतो."

आणि हा माणूस, जो मोर्चा दिसला की गल्ली बदलायचा, बाटली घेऊन तुरुंगाच्या फाटकावर जाऊन उभा राहिला. पहिल्या दिवशी हाकलला. दुसऱ्या दिवशी हाकलला. तिसऱ्या दिवशी फाटकाशी सत्याग्रही जमले होते, लाठी निघाली होती. शिपायाने विचारलं, "बाटलीत काय आहे? ॲसिड?"

"अजून काही नाही. यात एक कैदी थुंकणार आहे."

शिपायाला वाटलं, पोलिसांवर थुंकायची नवी चळवळ निघाली.

नाना घरी आले तेव्हा शर्ट फाटलेला, ओठ फुटलेला. हात धुतले नाहीत. खाटेच्या कडेला बसले आणि लहान पोरासारखे म्हणाले, "दत्ताचा बेडका मिळाला नाही रे. बाटलीही फुटली."

माझ्या हातात दुधाचा पेला होता. मी म्हटलं, "मिळालाय, नाना. तुमच्याकडेच आहे तो."

त्यांना कळायला वेळ लागला. मी सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "तुला कधीपासून ठाऊक आहे?"

"तुम्ही सांगितलंत तेव्हापासून."

नानांनी चष्मा लावला, चपला घातल्या आणि तसेच गेले. डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी लिहून घेतली, पुन्हा त्याच फाटकावर गेले. चिठ्ठी आत घेतली गेली. मग ती कुठल्या टेबलावर पडून राहिली ते कुणालाच माहीत नाही. दत्ता पुरी सजा भोगूनच सुटला.

चाळीने हार घातले, गुलाल उधळला. मी त्याला खांद्यावर घेतलं आणि दचकलो. गासडीतला कापूस काढून घेऊन नुसतं बारदान उचलावं, तसा होता. लोक म्हणाले, "तुरुंगाचा जेवण, दुसरा काय!" त्याने वरून हात उंचावून घोषणा दिली. 'मुंबईसह' एवढंच आलं. पुढचं रुमालात आलं. लाल.

शिवडीच्या क्षयाच्या इस्पितळात नेलं. दोन्ही फुप्फुसं गेलेली; गोळ्या दिल्या, पण लागू पडेनात. मी तिथल्या डॉक्टरांना विचारलं, "पंधरा-वीस दिवस आधी आणला असता तर?" ते म्हणाले, "सांगता येत नाही." हो म्हणाले असते तर मी रडलो असतो, नाही म्हणाले असते तर झोपलो असतो. दोन्ही गेलं.

नानांनी माझा खरा बेडका तपासून घेतला. काही नाही. "बिडी," म्हणाले. "कमी कर."

दत्ताला मी बाटलीचं सांगितलं. खाटेवर पडल्यापडल्या तो हसला. "म्हणजे दुखणा माझा आणि दूध तू प्यालंस?"

"हो."

"अंडीही?"

"रोज दोन."

"उकडलेली की तळलेली?"

"उकडलेली."

"मग वाईट वाटून घेव नको," म्हणाला. "माका उकडलेली आवडत नाहीत."

नाना रोज संध्याकाळी लॅबोरेटरी सुटली की शिवडीला चालत जायचे. दत्ताला गोष्टी सांगायचे. एक दिवस दत्ताने विचारलं, "नानानू, त्या जर्मनान जंतू पकडलो, ता ठीक. पण औषध काढल्यान काय?"

ती गोष्ट मला ठाऊक होती. नाना गॅलरीत ती नेहमी मान खाली घालून सांगायचे. जर्मन डॉक्टरने औषध काढलं, जगभरचे रोगी आशेने धावले, आणि ते चाललं नाही. आपल्या वाडीतल्या म्हाताऱ्याची चूक लपवायची नाही, असा नानांचा बाणा होता.

"काढलं," नाना म्हणाले. "लागू पडलं. खडखडीत बरे झाले लोक."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "नाना, तुम्ही खोटं बोललात."

नानांनी वाटेतल्या नळावर हात धुतले. मग म्हणाले, "दुसऱ्यांदा."

त्यांची बायको होती. कुणाला माहीत नव्हतं. तिला खोकला झाला तेव्हा नानांनी डॉक्टरांना न सांगता स्वतःच काच रंगवली, स्वतःच डोळा लावला. निळ्यावर लाल काड्या. घरी येऊन तिला म्हणाले, काही नाही, सर्दी आहे. ती इतकी खूश झाली, की माहेरी जायचं म्हणाली. नाना नाही म्हणू शकले नाहीत. नाही म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं. तिथे धाकट्या बहिणीबरोबर एका ताटात जेवली, एका पांघरुणात झोपली. आधी ती गेली, वर्षाने बहीण. "एवढंसं तोंड होतं तिचं," नाना म्हणाले, "आनंदाने केवढं झालं होतं. ते मला मोडवेना."

त्यानंतर ते सुट्टीच्या दिवशी गिरणीच्या फाटकावर तारेचे बारीक आकडे घेऊन उभे राहायला लागले. स्वतः वाकवलेले. "दोरा याने ओढा, तोंड लावू नका." लोक घ्यायचे. खोलीवर नेऊन त्याला पाटलोण अडकवायचे. मी आकडा वापरायला लागलो, तर शेजारचा साचेवाला म्हणाला, "सख्या बामण झाला." बाकी सगळं खातं सुर्र करत राहिलं.

दत्ता पावसाळा संपता संपता गेला. बाटलीचं लक्ष्मीमावशीच्याही कानावर गेलं होतं. त्यांनी त्याचं ताट धुवून वेगळं ठेवलं आणि मला पुढे कितीतरी दिवस न बोलता वाढलं.

पुढे महाराष्ट्र झाला, मुंबईसह झाला. संध्याकाळी लालबाग-परळभर दिवे, लेझीम, गुलाल. चाळ खाली नाचत होती. मला नाचता येईना. मी नानांच्या खोलीत गेलो. ते स्टोव्हवर पातेलं ठेवून त्यात आकडे उकळत होते. मी त्यांच्यासमोर बसलो, कपाळ बडवून घेतलं आणि चांगला मोठ्याने, खालच्यांनाही ऐकू जाईल असा रडलो. "नाना, मी मारला दत्ताला. मी खुनी आहे. मला फाशी द्या."

नानांनी स्टोव्ह बंद केला नाही. चिमट्याने एक आकडा वर काढला, उजेडात धरून बघितला, पुन्हा पाण्यात सोडला.

"ओरडू नकोस," म्हणाले. "मारायला जंतूलाही महिनोन्‌महिने राबावं लागतं. तू नुसता गप्प बसलास."